तीन नंबरचा मुन्ना

“टायगर!”

“भो!”

“वजीर!”

वजीर वयोवृद्ध होता. त्याने भुंकण्याचे कष्ट न घेता शेपटी एकवार जमिनीवर आपटली. सटवाजीमामांनी तीच हजेरी मानून वहीत खूण केली.

“बरनू!”

“भो, भो!”

“एकदाच बोलायचं. मुन्ना!”

उत्तर आले नाही.

“मुन्ना! ए मुन्ना! कान हायेत का नुसती भोकं? सूर्य डोक्यावर येऊन राहिला आन् तू अजून बाजेखालीच! मुकाट्यानं भाईर ये, न्हाईतर दूध बंद करतो तुझं!”

सकाळचे साडेसहा वाजले होते. मे महिना असल्याने हवा तेवढ्याच वेळापुरती थंड होती, आणि थंड हवेत आवाज दूरवर जातो. सटवाजीमामांचा आवाज तर मुळातच ऐंशी मुलांना पंगतीस बोलावण्याकरिता घडलेला होता. तो अंगणाची भिंत ओलांडून पलीकडच्या हॉटेलात शिरला. तेथे चार ट्रकचालक बशीत चहा ओतून पीत बसले होते आणि हॉटेलचा मालक, जो ग्रामपंचायतीचा सदस्यही होता, देवाच्या तसबिरीस अगरबत्ती ओवाळीत होता. चालकांनी प्रथम एकमेकांकडे व नंतर मालकाकडे पाहिले. कारण मालकाचे नावही मुन्ना होते.

“मेंबर,” एक चालक बशी खाली ठेवून म्हणाला, “घरून बोलावनं आलं वाटतं. जा बाबा, न्हाईतर दूध बंद व्हायचं.”

सटवाजीमामांनी हे मुद्दाम केले नव्हते. कोणतीही गोष्ट मुद्दाम करणाऱ्यांपैकी ते नव्हते. एकतीस वर्षे त्यांनी कळमनुरी तालुक्यातील एका वसतिगृहात स्वयंपाकी म्हणून नोकरी केली होती. वसतिगृह हा शब्द फक्त पाटीवर असतो. लोक त्यास बोर्डिंग म्हणतात. बोर्डिंगात ऐंशी मुले असत. दरवर्षी काही जात, तितकीच नवी येत, त्यामुळे मुले मोठी होतात हे मामांच्या कधी ध्यानातच आले नाही. मुले आपली ऐंशीच राहत. स्वतःस मूलबाळ नव्हते, परंतु त्याची उणीव भासण्यास फुरसतही नव्हती. मग निवृत्ती आली, आणि निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी पत्नी अनुसयाबाई गेल्या.

तदनंतर वारंगा फाट्यावरील त्या तीन खोल्यांत जे उरले त्यास शांतता म्हणणे बरोबर होणार नाही. शांतता मनुष्य मागून घेतो. ही न मागता आली होती. मामांच्या हातास एका माणसाचा अंदाज नव्हता. भात टाकला की तो दहाबारा जणांचा होई. भात झाला की ते सवयीने हाक मारण्याकरिता तोंड उघडीत, आणि कोणास मारावी हे न सुचून जांभई देत. मग ते बसथांब्यावरील लिंबाखाली जाऊन बसत आणि कोणी विचारलेले नसता प्रवाशांस सांगत, “नांदेड गेली. आता यवतमाळ येईल.” प्रवासी “बरं” म्हणत. एवढे चारसहा “बरं” जमा झाले म्हणजे मामा घरी परत येत.

फेब्रुवारीत एके दिवशी त्याच लिंबाखाली वाद चालला होता.

“कुत्रं गाडीत घेता येत न्हाई, मॅडम,” वाहक सांगत होता.

“अहो, हा कुत्रा नाही, मुन्ना आहे.”

“नाव असू द्या हो. शेपूट हाय ना?”

त्या बाई म्हणजे जवळच्या एका आरोग्य केंद्रातील परिचारिका, सपना सिस्टर. एका खोलीत एकट्या राहत. मैत्रिणीच्या लग्नास नागपुरास निघाल्या होत्या, आणि कडेवर पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखे हे कुत्रे होते. शेवटी मामा उठले.

“द्या माझ्यापाशी. आमी ऐंशी लेकरं सांभाळली, हे तर एकच हाय. आन् ह्याचा स्वेटर अंगालाच शिवलेला हाय, हरवायची भीती न्हाई.”

दोन दिवसांनी सिस्टर परतल्या, तेव्हा मुन्ना गुबगुबीत झाला होता व मामांच्या पायाशी झोपला होता. सिस्टर आनंदाने म्हणाल्या, “काका, तुम्ही डॉग बोर्डिंगच सुरू करा की! शहरात असतं तसं. लोकांना गावाला जाताना फार अडचण होते.”

येथेच चूक झाली, परंतु ती कोणाची हे सांगणे कठीण आहे. सिस्टरांच्या मनात बोर्डिंगचा एक अर्थ होता. मामांना त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, आणि त्यात त्यांचे एकतीस वर्षांचे आयुष्य बसलेले होते. आपली नोकरी आपणास परत मिळाली, असा त्यांनी समज करून घेतला. त्यांनी हजेरीची वही आणली. पितळी ताट दोरीने टांगून त्याची घंटा केली. दारावर पाटी लावली: ‘श्वान बोर्डिंग, वारंगा फाटा. अधीक्षक: सटवाजीमामा.’ एकतीस वर्षे ते दुसऱ्या अधीक्षकाच्या हाताखाली होते. आता हरकत घेणारे कोणी नसल्याने त्यांनी स्वतःस बढती दिली. प्रवेशाच्या कागदावर पालकाचे नाव, पालकाची सही व खोडी असे तीन रकाने होते. पालकांनी भेटीस फक्त रविवारी यावे, असा नियम होता.

“मामा, पालक म्हंजी मी का?” आपला ब्रूनो सोडण्यास आलेल्या रणजीत नावाच्या खतविक्रेत्याने विचारले.

“मंग कोन? त्याची माय आलीय का संगं?”

रणजीतने निमूटपणे सही केली. ब्रूनो हे नाव मामांच्या जिभेस न जमल्याने वहीत ‘बरनू’ असे नोंदले गेले.

मे महिन्याच्या लग्नसराईत बोर्डिंगात चार विद्यार्थी जमले. हट्टा गावच्या एका बागायतदाराचा टायगर, जो दिसण्यास वाघ व स्वभावाने रडका होता. म्हातारा शिकारी वजीर. सर्वांच्या ताटात आत्मीयतेने तोंड घालणारा बरनू. आणि चौथा मुन्ना. सिस्टर बारा दिवसांच्या प्रशिक्षणास गेल्या होत्या. जाताना त्या म्हणाल्या होत्या, “काका, हा माझ्या खोलीत एकटाच वाढलाय. दुसरा कुत्रा दिसला की थरथर कापतो. त्याला जरा चौघांत मिसळायला शिकवा.”

पहिले दोन दिवस मुन्ना बाजेखालून बाहेर आला नाही. मामांना त्याचे नवल वाटले नाही. बोर्डिंगात पहिल्या आठवड्यात खाटेखाली बसून रडलेली कितीतरी मुले त्यांनी पाहिली होती. “नव्या पोराला एकदम पंगतीत बसवू नये,” असे ते स्वतःशी म्हणाले. प्रथम त्यांनी चौघांची अंथरुणाची पोती आपसांत बदलली, जेणेकरून तोंडओळखीच्या आधी वासाची ओळख व्हावी. नंतर कालव्याच्या वाटेने फिरावयास नेताना मुन्ना एका कडेस, टायगर व बरनू दुसऱ्या कडेस, आणि मध्ये वजीर, अशी रांग लावली. वजीरास त्यांनी मॉनिटर नेमले होते. जेवणाची ताटे वीस पावलांवर ठेवीत व रोज दोन पावले जवळ आणीत. सहाव्या दिवशी मुन्नाने वजीराचा कान हुंगला आणि पळून न जाता तेथेच बसला. मामांनी त्या दिवशी वहीत वळणदार अक्षरात लिहिले, ‘मुन्ना आज मिसळला.’

हे सर्व शेजारच्या पार्वतीबाई भिंतीपाशी उभ्या राहून पाहत. पार्वतीबाई म्हणजे मेंबरच्या चुलती. त्यास जवळचे असे माणूस एवढेच उरले होते, तेही चुलत घरचे.

“सटवाजी, कुत्र्याला मिसळायला शिकवून राहिलास,” त्या म्हणाल्या, “आन् सोता दोन वर्सांत कोनाच्या दारी चहाला गेलास का रे?”

“आमाला कोन बोलवतंय, पार्वतीबाई?”

“तुला कोन बोलवंल? तूच एवढ्यानं वरडतूस की दुसऱ्याचा आवाजच ऐकू येत न्हाई.”

त्याच सुमारास मेंबर प्रथम तक्रार घेऊन आला. त्याचे वय एकोणचाळीस होते. पंचायतीत निवडून आल्यापासून लोक त्यास मेंबर म्हणत आणि तसेच म्हणावे ही त्याची अपेक्षा होती.

“मामा, नाव बदला त्याचं.”

“मला बदलता येत न्हाई. नाव पालकानं ठेवलंय. कागदावर खाडाखोड चालत न्हाई.”

“मंग हळू हाक मारा. गिऱ्हाईक हसून राहिलं माझ्यावर. काल एकानं मला इचारलं, ‘मेंबर, आज बाजेखालून लवकर निगालात?’”

मामांनी प्रामाणिकपणे दोन दिवस हळू हाक मारून पाहिली. परंतु हळू मारलेली हाक त्यांच्या स्वतःच्याच कानापर्यंत पोहोचेना. चारही विद्यार्थी गोळा होऊन चिंतातुर नजरेने त्यांच्याकडे पाहू लागले; मामांना ताप आला आहे अशी त्यांची समजूत झाली असावी. तिसऱ्या दिवशी आवाज पूर्ववत झाला.

आणि त्यानंतरच्या रविवारी सेनगावचे पाहुणे आले.

मेंबरच्या लग्नाचा विषय अकरा वर्षे चालू होता. कोणास जमीन कमी वाटे, कोणास नोकरी हवी असे. या वेळी पार्वतीबाईंनी फार खटपट करून मुलीचे मामा दगडोबा व त्यांचे एक भाऊबंद यांना हॉटेल पाहण्यास आणले होते. हॉटेल धुऊन काढले होते. पुढच्या बाजूस ट्रकांची धूळ येते म्हणून पाहुण्यांना मागील ओसरीवर, मामांच्या भिंतीस टेकून मांडलेल्या खुर्च्यांवर, बसविले होते. मेंबर नव्या सदऱ्यात अंग चोरून उभा होता.

“हॉटेल झकास हाय,” दगडोबा चहाचा घोट घेऊन म्हणाले. “पोराला काही वाईट सवय?”

“छे हो!” पार्वतीबाई म्हणाल्या. “सुपारीचं खांड न्हाई खात आमचा मुन्ना.”

तोच भिंतीपलीकडून आवाज आला.

“मुन्ना! पुन्हा गादी वली केलीस?”

दगडोबांचा कप ओठांपाशीच थांबला.

“एवढा घोडा झालास, लाज कशी वाटत न्हाई रे? रोज रोज कोनी धुवायचं तुझं?”

“ते... ते दुसरं हाय,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“आन् ती समोरच्या घरची काळी दिसली की कुंपनावरून उड्या काहून मारतूस? तिच्या मानसांनी एक दिस धोंडा घातला ना टाळक्यात, मंग येशील माझ्याकडंच रडत!”

दगडोबांनी कप बशीत ठेवला व बशी जमिनीवर ठेवली.

“पावनं, ते कुत्र्याला बोलून राहिले!” मेंबर कळवळून ओरडला.

“व्हय, कळलं,” दगडोबा गंभीरपणे म्हणाले. “तुमच्या घरचं मानूस तुमाला कुत्र्यावानी बोलतंय. तेच तर पाहून राहिलो.”

“तसं न्हाई हो! चला, दावतोच तुमाला!” असे म्हणून मेंबरने दोघाही पाहुण्यांना जवळजवळ ओढीत वळसा घालून मामांच्या फाटकाशी आणले.

मामांनी पाहुण्यांचे आवाज ऐकले होते. बोर्डिंगात त्यांचा एक नियम फार कडक होता: मूल कितीही चुकलेले असो, परक्या माणसांदेखत त्याची बेअब्रू करावयाची नाही. पाहणीस साहेब येत, तेव्हा ज्याने रात्री अंथरूण ओले केले असेल त्यास मामा स्वयंपाकघरात लपवीत व चादरीवर डाळीचे पातेले सांडल्याचे सांगत. त्याच भावनेने त्यांनी तत्काळ मुन्नाला व त्याच्याबरोबर बाकीच्या तिघांनाही आतल्या खोलीत घातले, कडी लावली, आणि हात बांधून दारात उभे राहिले.

“मामा, सांगा यांना,” मेंबर धापा टाकीत म्हणाला, “गादी कोनी वली केली?”

“कोनीच न्हाई.”

“मामा! आत्ता तुमी वरडलात ना मुन्नावर!”

“मी? न्हाई बा.” मामांनी पाहुण्यांकडे पाहून अतिशय नम्रपणे सांगितले, “पान्याचा तांब्या कलंडला, दुसरं काही न्हाई. मुन्ना चांगला हाय. थोडा भित्रा हाय, पन आता सुधरून राहिला.”

दगडोबांनी भिंतीवर वाळत घातलेल्या ओल्या गादीकडे पाहिले, मेंबरकडे पाहिले, आणि हिंगोलीची गाडी किती वाजता आहे असे विचारले. मामांनी ती वेळ अचूक सांगितली.

पाहुणे गेल्यावर मेंबरने नव्या सदऱ्याची वरची गुंडी काढली. मग म्हणाला, “मामा, हे बोर्डिंग बंद. उद्या पंचायतीत अर्ज देतो. वस्तीत जनावरं कोंडून ठेवली म्हनून.”

मामा दारातून फाटकापर्यंत चालत आले. ते फाटकाच्या खांबास धरून उभे राहिले. चार विद्यार्थी आत दाराशी नाक लावून उभे होते. बंद म्हणजे उद्या सकाळी साडेसहा वाजता वही उघडावयाची आणि कोणाचेच नाव घ्यावयाचे नाही, हे त्यांना स्पष्ट दिसले.

“अर्ज नको देऊस, बाबा. तू म्हनशील ते करतो.”

तोड पार्वतीबाईंनी काढली. “बोर्डिंगात लेकराला नंबर असतोय ना? मंग नंबरानं बोलव. नावाची भानगडच न्हाई.”

“नंबरानं जेवायला बोलवत न्हाईत, पार्वतीबाई,” मामा म्हणाले. “नंबरानं फक्त मोजतात.”

“मंग मोज. रिकाम्या अंगनापरीस ते बरं.”

हे खरे होते. त्या दिवसापासून टायगर एक नंबर, वजीर दोन, त्याच्याच शेजारी बसू लागलेला मुन्ना तीन व बरनू चार झाला. ‘मुन्ना’ हा शब्द पुन्हा ऐकू आला तर अर्ज गेलाच म्हणून समजा, असे मेंबरने बजावले होते. मामांनी शिस्त इतकी चोख राबविली की चार दिवसांत एकही विद्यार्थी आपला नंबर पुकारल्याखेरीज रांगेतून हलेना. नाव घेऊन कोणी बोलावलेच तर ते ऐकले न ऐकलेसे करण्यासही त्यांना शिकविण्यात आले, कारण रस्त्यावरून जाणारे चालक मुद्दाम “मुन्ना! मुन्ना!” म्हणून ओरडत आणि त्याचा दोष मामांवर येत असे.

सुट्या संपत आल्या. टायगर गेला, वजीर गेला, बरनूही रणजीतच्या गाडीत चढून गेला. त्याच सायंकाळी सिस्टर आल्या. त्यांनी फाटकातच हातातील पिशवी टाकली आणि दोन्ही हात पसरून हाक मारली, “मुन्नाऽऽ!”

मुन्ना रिकाम्या रांगेत आपल्या जागी बसला होता. त्याने त्यांना ओळखले. त्याची शेपटी, मागचे पाय व पाठ, सर्व एकदम हलू लागले. घशातून बारीक आवाज येऊ लागला. परंतु तो जागचा उठला नाही. त्याने मान वळवून मामांकडे पाहिले.

“मुन्ना, ये ना रे! अरे, मी आलेय!”

मुन्ना थरथरत बसूनच राहिला.

मामांनी खाली पाहून सांगितले, “तीन नंबर, सुटी.”

त्यासरशी तो बाणासारखा सुटला व सिस्टरांच्या अंगावर चढला. सिस्टरांनी त्यास छातीशी धरले. मात्र त्यांचे डोळे भरून आले होते.

“काका, तीन नंबर म्हणजे काय?”

मामांनी सर्व हकीकत सांगितली. सिस्टर ती ऐकून हसतील असे त्यांना वाटले होते.

“दिवसभर वॉर्डात मी नंबरच पुकारते, काका,” त्या म्हणाल्या. “सात नंबर, इंजेक्शन. नऊ नंबर, सलाईन. घरी आल्यावर नावानं हाक मारायला मला हा एकटाच आहे. तुम्ही तेवढंही काढून घेतलंत?”

मामांनी हातातील वही मिटली. सिस्टरांचे म्हणणे त्यांना जितके कळले होते, तितके दुसऱ्या कोणास कळणे शक्य नव्हते.

सिस्टरांना पुढील आठ दिवस गावोगावच्या शिबिरांस जावयाचे होते. मुन्नाला खाली ठेवून त्या म्हणाल्या, “रविवारी येते. त्यानं नावाला ओ दिली तर ठीक. नाही दिली तर मी काही त्याला पुन्हा इथं ठेवणार नाही. आणि कुत्रा ठेवायला येणाऱ्या बाकीच्यांनी विचारलं तर मला खरं ते सांगावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी मामा हॉटेलात गेले. दोन वर्षांत ते प्रथमच कोणाच्या दारी जात होते, त्यामुळे चप्पल बाहेर काढावी की नाही हे त्यांना ठरविता येईना. मेंबर कढईपाशी उभा होता.

“नाव घ्यायची परवानगी पाहिजे,” मामा म्हणाले.

“कशाला? अजून एखादी सोयरीक मोडायची राहिली का?”

“आठच दिस. त्या बाईला दुसरं कोनी न्हाई. आन्...” मामा थांबले. “आन् बोर्डिंग ह्याच्यावरच हाय आता. हे गेलं की कोनी येनार न्हाई.”

मेंबरने झारा कढईवर आपटला. बराच वेळ त्याने भजी निथळू दिली. मग रस्त्याकडे पाहत म्हणाला, “अडीच वाजता मारा. तवा हॉटेलात काळं कुत्रं नसतंय.” आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तो पुन्हा चिडला. “अडीच म्हंजी अडीच. एक मिनिट आदी न्हाई!”

मे महिन्यातील दुपारचे अडीच म्हणजे फाट्यावर सर्वांत ओसाड वेळ. डांबर मऊ पडते, लिंबाखालचे प्रवासीही नाहीसे होतात. त्या वेळी मामांनी मुन्नाला अंगणाच्या एका टोकास बसविले आणि स्वतः दुसऱ्या टोकास ताट घेऊन उभे राहिले.

“मुन्ना! ये बाबा, जेवून घे! सकाळपासून पोटात काही न्हाई तुझ्या!”

मुन्ना हलला नाही. त्यास वाटले असेल, ही परीक्षा आहे. तो शिकविल्याप्रमाणे नजर फिरवून भिंतीकडे पाहत बसला. अखेर मामांनी ताटच उचलून त्याच्यापुढे नेऊन ठेवले.

दुसरा दिवस. “मुन्ना! ये रे लेकरा! भात निवून राहिला!” तोच प्रकार.

तिसरा दिवस. “मुन्ना! रागावलास का? माझं चुकलं, पन जेवनावर राग काढू नये! ये, राजा!” मुन्नाने भिंतीकडे अधिकच निग्रहाने पाहिले.

चौथ्या दिवशी मामांनी ताट खाली ठेवून हाक मारली. “मुन्ना! ये रे बाबा. एकट्याला घास जात न्हाई.”

फाटक करकरले. मेंबर उभा होता. अंगावर पिठाचे डाग पडलेला बनियन होता आणि हातात झारा तसाच राहिला होता.

“हाक मारली?”

“तुला न्हाई.”

“मुन्ना म्हनलात.”

“ह्याला म्हनलो.”

“तो तर येऊन न्हाई राहिला.” मेंबरने ताटाकडे पाहिले. “काय केलंय?”

“वरन-भात. ह्याच्यात मीठ न्हाई. माझ्यात हाय.”

मेंबर झाऱ्याकडे पाहत म्हणाला, “चार दिस झाले ऐकून राहिलो. सकाळपासून पोटात काही न्हाई, म्हनता. खरंच नसतंय हो. दिवसभर दुसऱ्याला तळून देतो, पन ते तेल पाहून सोताला खावं वाटत न्हाई.” मग तो एकदम कडक आवाजात म्हणाला, “आन् एवढं नाव घेऊन बोलवून राहिलात, मानूस न्हाई आलं तर बरं दिसतंय का?”

मामांनी आतून दुसरे ताट आणले. मेंबर उकिडवा बसला आणि मान खाली घालून जेवू लागला.

अंगणाच्या टोकास बसलेल्या मुन्नाने हे पाहिले. मुन्ना म्हणून हाक मारली असता एक परका येतो, बसतो, आणि अन्न खातो, ही गोष्ट त्याने डोळे विस्फारून पाहिली. पाचव्या दिवशी हाक ऐकून त्याचे कान उभे राहिले. सहाव्या दिवशी तो उठून अर्ध्या अंगणापर्यंत आला, पण तोपर्यंत मेंबर पोहोचला होता. सातव्या दिवशी “मु” म्हणताच तो धावत सुटला आणि ताटापाशी मेंबरच्या आधी पोहोचला.

“आज ह्यो पयला आला,” फाटकातून आत येत मेंबर थोड्या नाराजीने म्हणाला.

“उद्या तू लवकर नीघ.”

रविवारी सिस्टर आल्या. त्यांनी घाबरत, अगदी हळू आवाजात नाव घेतले. मुन्ना असा धावला की त्यांना खालीच बसावे लागले. त्यांनी मामांच्या पायांस हात लावला, दिवाळीत पुन्हा आणीन, आणखी दोघींच्या कुत्र्यांचेही सांगितले आहे, असे म्हणाल्या, आणि जीपमध्ये बसून गेल्या. मामा जीप दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभे होते.

सोमवारी अडीच वाजले. मामांनी भात उतरविला व ओट्यावर बसून राहिले. शिकवणी पूर्ण झाली होती, बोर्डिंग वाचले होते, दिवाळीस अद्याप पाच महिने होते. हाक मारण्याचे काही कारण उरले नव्हते, आणि विनाकारण दुसऱ्याच्या नावाने ओरडणे शोभत नाही. पावणेतीन झाले. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग तोही आवाज संपला.

“मामा,” भिंतीपलीकडून कोणी म्हणाले.

“काय?”

“घड्याळ बंद पडलं का तुमचं?”

“न्हाई. काहून?”

पलीकडे झारा कढईवर दोनदा वाजला. मग खाकरल्याचा आवाज आला.

“आज हाक न्हाई मारली.”

“सिस्टर घेऊन गेल्या ना त्याला,” मामा म्हणाले. “आता कोनाला मारू?”

“आता ते मी कसं सांगू? तुमचं तुमी पाहा.”

मामांनी एकवार भिंतीकडे पाहिले. मग ते उठले, अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले, धोतराचा सोगा नीट केला, आणि त्यांनी पूर्ण आवाजात हाक मारली.

“मुन्ना! ये बाबा, जेवून घे!”

हॉटेलात बसलेल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाने दचकून मान वर केली. भिंत छातीएवढीच होती. मनात आणले असते तर मुन्नास ती सहज ओलांडता आली असती. परंतु त्याने हाक पुरती होऊ दिली, कढईखालचा जाळ बारीक केला, हात पुसले, आणि हॉटेलास वळसा घालून, रस्त्याने, चारचौघांना दिसेल असा, फाटकातून आत आला.